रेड्यामुखी वेद, पोरामुखी बाराखडी

बिडकीनहून पैठण काही दूर नाही. त्या पैठणात रेड्याच्या तोंडून वेद वदविल्याची कथा आमच्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या ऐकविण्यात आली, आणि आमचा भोळा समाज ती माना डोलवून ऐकत आला. त्या कथेचा खरेखोटेपणा आम्हांस आज काढावयाचा नाही. ज्ञानोबांस शुद्धिपत्रासाठी ज्या धर्ममार्तंडांच्या दारी उभे राहावे लागले, त्यांचा न्यायही आज करावयाचा नाही. आम्हांस इतकेच विचारावयाचे आहे की, रेड्याने वेद म्हटले असतील, पण त्यास ते वाचता येत होते काय? पुढ्यात पोथी धरली असती, तर कोणती ऋचा कोठे आहे हे त्याने शिंगाने दाखविले असते काय?

वाचक हसतील. पण हसण्याआधी त्यांनी आपल्या गावच्या पहिली-दुसरीच्या वर्गात डोकावून यावे. फळ्यावर छडी फिरते, पोरे एका सुरात ‘क का कि की’ म्हणतात, आवाज वेशीपर्यंत जातो, आणि शेतावर निघालेला बाप समजतो की पोरगे शिकू लागले. आता त्यातील एक पोरगे एकटे उभे करा आणि बाराखडीच्या मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवा. ते ‘क’पासून म्हणत येईल आणि बोटापाशी आले म्हणजे थांबेल. बोटाखालचे अक्षर तेच उचलून दुसऱ्या शब्दात घाला, की ते गप्प! धड्यातील कविता त्यास पानासकट पाठ असते, चित्र पाहून ते ओळ सांगते. पण तीच ओळ कोऱ्या कागदावर लिहून दाखविली तर ओळखत नाही. आमच्या मते हे वाचन नव्हे. हे रेड्यामुखी वेद आहेत.

मग वाचन म्हणावे कशास? पूर्वी कधी न पाहिलेला कागद हाती पडला असता जो तो स्वतः वाचतो आणि त्याचा अर्थ लावतो, तोच साक्षर. शेतकऱ्याच्या पोरास वाचता यावयाचे ते याचसाठी. सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचा कागद, औषधाच्या बाटलीवरील सूचना, भूसंपादनाची नोटीस, यांतील एकही कागद कोणी आगाऊ पाठ करून देत नाही.

या कसोटीवर आपण कोठे आहो? ‘असर’ या नावाने देशभर खेड्यांतील मुलांची पाहणी होते. तिच्या २०२४ सालच्या अहवालात असे दिसते की, ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत बसलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे २३ मुलांसच दुसरीचा मजकूर वाचता येतो. पाचवीत गेल्यावरही हा आकडा शंभरांत सुमारे ४५ इतकाच होतो. म्हणजे पाच वर्षे खिचडी खाऊन, पाच वर्षे हजेरी देऊन, अर्ध्याहून अधिक मुले दुसरीच्या पुस्तकापुढे मुकी! २०२२ पेक्षा हे आकडे सुधारले आहेत हे खरे, आणि ज्या गुरुजींनी त्यासाठी घाम गाळला त्यांस आम्ही धन्यवाद देतो. पण बुडत्याचे नाक पाण्यावर आले म्हणून तो तीरास लागला असे होत नाही.

या दुखण्याचे मूळ आमच्या मते शिकविण्याच्या रीतीत आहे, आणि ही रीत आली कोठून तेही पाहिले पाहिजे. घोकणे ही भिक्षुकीची विद्या होय. ज्यास ठराविक संहिता ठराविक स्वरात म्हणून दक्षिणा मिळवावयाची, त्यास नवीन काही वाचण्याची गरज नसते. अर्थ कळला नाही तरी दक्षिणा चुकत नाही. त्या धंद्यापुरती ती रीत ठीक होती. पण हीच रीत आमच्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महार-मांगाच्या, तांड्यावरच्या पोरांच्या शाळेत ठाण मांडून बसली आणि आम्ही तीच विद्या समजून बसलो. भटजी वर्गातून केव्हाच गेले. त्यांचा पाठ मात्र मागे राहिला. कित्येक अंकलिप्यांत अजून ‘भ भटजीचा’, ‘य यज्ञाचा’, ‘ऋ ऋषीचा’ हे वतनदार जागच्या जागी बसलेले आहेत. नांगराचा ‘न’ आणि पाभरीचा ‘प’ यांस त्या पंक्तीत पान केव्हा मिळणार?

आता कोणी म्हणेल, याच रीतीने शिकून कित्येक मोठे झाले, मग रीतीस नावे का ठेवता? त्यास आमचे उत्तर असे. पांढरपेशाच्या घरी मूल शाळेत जाण्याच्या आधी शंभर वेळा पुस्तक पाहते. आजोबा वर्तमानपत्र वाचतात, आई गोष्ट वाचून दाखविते, दारावर नावाची पाटी असते. पुस्तक उजवे कोणते, उलटे कोणते, ओळ कोठून कोठे जाते, बोललेला शब्द कागदावर कसा उतरतो, हे त्यास कोणी न शिकविता कळते. शाळेने जे सोडले ते घर भरून काढते. ज्याच्या घरी कागद येतो तो फक्त वीजबिलाचा, त्या घरच्या पोरास शाळा हेच सर्वस्व. शाळेने एक पायरी गाळली की त्याचा जिना तुटला! मग तिसरीत तेच पोरगे मागे पडले म्हणजे मास्तर म्हणतात, ‘यांच्या घरात वातावरणच नाही.’ वातावरण नाही म्हणूनच तर शाळा काढली ना? पूर्वी म्हणत, शूद्राच्या जिभेस विद्या चढत नाही. आता म्हणतात, घरी वातावरण नाही. बोलणे सुधारले, निकाल तोच! वाईट रीतीने शिकविणे हे कोणाची जात विचारीत नाही हे खरे. पण त्याचा दंड मात्र बरोबर जात पाहून वसूल होतो.

वाचन शिकविण्यात एवढे काय मोठे, असे ज्यांस वाटते त्यांच्यासाठी थोडे खोलात जातो. आपल्या लिपीस बाळबोध म्हणतात, म्हणजे बाळास बोध व्हावा अशी. इंग्रजीपेक्षा ती शतपट नीटस आहे, याचा आम्हांस अभिमान आहे. पण तिच्याही खाचाखोचा आहेत. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेंवर आकृती झाल्या, जोडाक्षरे निराळीच. काना अक्षराच्या पुढे बसतो, मात्रा डोक्यावर चढते, उकार पायाशी लोंबतो आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या मागे लागते. ‘किती’ म्हणताना तोंडात आधी ‘क’ येतो. कागदावर मात्र आधी वेलांटी दिसते. ‘गर्व’ या शब्दात ‘र’ बोलला जातो ‘व’च्या आधी आणि लिहिला जातो ‘व’च्या डोक्यावर. ‘घर’ लिहिले जाते दोन पूर्ण अक्षरांनी. बोलताना ‘र’चा पाय मोडतो. म्हणून जे पोर ‘घ’, ‘र’ अशी अक्षरे सुटी सुटी ओळखते, त्यास ‘घर’ वाचता येईलच असे नाही. ती दोन जोडून ओळखीचा शब्द ऐकू येणे ही निराळी विद्या आहे आणि ती शिकवावी लागते. चार म्हशींस चारा घातला, यातील पहिल्या ‘च’चा उच्चार निराळा, दुसऱ्याचा निराळा, चिन्ह एकच. पोर शाळेत जात असते त्या ‘जात’चा ‘ज’ एक, आणि दाखल्यावर लिहितात त्या ‘जात’चा दुसरा! या गाठी मोठ्यांस दिसत नाहीत, कारण त्यांच्या सुटून जमाना लोटला. सहा वर्षांच्या पोरास त्या एकेक करून सोडवून द्याव्या लागतात.

जुन्या रीतीत काय होते? आधी सगळे स्वर, मग ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी व्यंजने, मग बाराखडी, आणि मग कोठे शब्द. यात महिनेच्या महिने जातात. इतक्या दिवसांत पोरास एकही अर्थाचा शब्द स्वतः वाचल्याचा आनंद मिळत नाही. नांगरट करावी, पाळी घालावी, पुन्हा पाळी घालावी, आणि पेरणीच करू नये, असा हा प्रकार. याउलट क, म, ल, न, प ही पाचच अक्षरे आणि एक काना एवढेच आधी शिकविले, तर काम, कान, नाक, पान, लाल, माल, नाल, काका, मामा, कमान इतके शब्द पोर पहिल्या काही आठवड्यांत आपले आपण वाचू लागते. अक्षराचा आवाज, आवाजांची जोडणी, जोडणीतून शब्द, शब्दातून अर्थ, हे सारे एकाच दिवशी, एकाच धड्यात. मग दोन नवी अक्षरे आणि एक वेलांटी. पुन्हा नवे शब्द. पेरावे आणि उगवलेले पाहावे, ही शेतकऱ्याच्या पोरास कळणारी रीत आहे.

ही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे अमेरिकेत जन्मून भारताच्या नागरिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी दलित वस्तीतील, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांपासून कामास आरंभ केला. पुढे १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली, आणि थोडी अक्षरे व स्वरचिन्हे बरोबरीने घेऊन, अर्थास धरून मराठी वाचन शिकविण्याची रीत तेथे बांधली गेली. पालघर जिल्ह्यात वाडे तालुक्यात नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ संस्था आदिवासी मुलांत हेच काम करीत आहे. त्याच वाड्यात आणि कर्नाटकातील यादगीर येथे २०११ ते २०१६ या काळात प्राथमिक शाळांतील मुले लिहावयास-वाचावयास कशी शिकतात, याची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष आमच्या शेतकऱ्यासही पटेल असा आहे: अक्षरे एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे अशी फारकत करून शिकविले म्हणजे दोन्ही हातचे जातात. तिकडे इंग्लंडात २०१२ पासून सहा वर्षांच्या प्रत्येक मुलापुढे चाळीस शब्द ठेवून ते आवाज जोडून वाचते की नाही हे पाहतात. त्यांत अर्थ नसलेले बनावट शब्दही मुद्दाम घालतात, की पाठांतराची लबाडी चालू नये. ज्यांच्या भाषेत अक्षर एक आणि उच्चार दहा, ते एवढी काळजी घेतात. आम्ही मात्र आमची लिपी सोपी म्हणून पोरांस देवाच्या हवाली करतो.

दुसरी गोष्ट बोलीची. आमच्या भागातील पोर घरी ‘पानी’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते, ‘इहीर’ आणि ‘इळा’ म्हणते. तांड्यावरचे पोर गोरमाटी बोलते, मोहल्ल्यातले दखनी. शाळेत पाऊल टाकताच ‘पानी नव्हे, पाणी!’ असे गुरुजी खेकसतात आणि वर्ग खो खो हसतो. त्या दिवसापासून ते पोर तोंड मिटते. ज्याचे तोंड मिटले त्यास आवाज कसे शिकविणार? आवाज हे वाचनाचे बी आहे आणि ते आईच्या तोंडून आलेले असते. त्या बीस निकस ठरवून फेकणारा मास्तर कोणते पीक काढणार? पुस्तकात ‘पाणी’ लिहितात हे पोरास जरूर शिकवावे; ‘न’ आणि ‘ण’ यांतील फरक त्याच्या कानास चार दिवस खेळीमेळीने ऐकवावा. पण तुझी आई अशुद्ध बोलते असे सांगून शिकवू नये. शुद्ध-अशुद्धाचा हा सोवळेपणा विहिरीवरून आणि देवळातून हटविण्यास आमच्या वाडवडिलांनी जन्म घालविले; तो आता पहिलीच्या वर्गात लपून बसला आहे.

महात्मा जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, गुरुजी शिकून तयार झालेले असावे आणि ते शेतकरीवर्गातून यावे, असे मागितले. पोरांस मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, शेतीचे व आरोग्याचे ज्ञान मिळावे, ही त्यांची यादी होती. पोपटपंचीस तीत थारा नव्हता. बडोद्यास सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत आरंभ करून १९०६ साली सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली तोच कायदा केला आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापास दंड बसविला. आम्ही विचारतो, पोर शाळेत धाडले, ते चार वर्षे बसले आणि वाचावयास न शिकताच बाहेर पडले, तर दंड कोणास बसावा?

आमच्या मराठवाड्याच्या वाट्यास ना बडोदे आले ना कोल्हापूर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाची राजवट. सरकारदरबारचा कागद उर्दूत, मराठी रयतेस तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि जो वाचून दाखवी तो आपला वाटा काढून घेई. म्हणूनच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. कळस चढला, पण पायाचे काय? पहिलीतच ज्याचे वाचन चुकले, तो त्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचणार कसा?

आज निजाम नाही, भटशाहीचा उघड अंमलही नाही. जिल्हा परिषदेत आमचे, शाळेत मास्तर आमचे, मंत्रिमंडळात आमचे. तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखविण्याची सोय आता उरली नाही. आमचे पुढारी काय करतात? शिक्षणाच्या नावाने संस्था काढतात, स्वतःची पोरे इंग्रजी शाळेत घालतात आणि गावच्या शाळेत ध्वजवंदनापुरते येतात. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवावी असा हुकूम एप्रिलात निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. त्या दोन-अडीच महिन्यांत सभा झाल्या, मोर्च्यांची तयारी झाली, वर्तमानपत्रे भरून गेली. तो हुकूम मागे गेला हे योग्यच झाले. पण तिसरी भाषा हवी की नको यावर गळे काढणाऱ्यांपैकी कितींनी विचारले की, पोरास पहिली तरी वाचता येते काय?

सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ मोहीम काढली आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपविणाऱ्या प्रत्येक मुलास वाचता व हिशेब करता आला पाहिजे असे जाहीर केले. हेतू उत्तम. पण मुदतीने पीक येत नाही, मशागतीने येते. म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिली: पहिली-दुसरीचे वर्ग गावातील सर्वांत कसलेल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे द्यावेत आणि निदान दोन वर्षे तेथून हलवू नयेत. हल्ली नवखा आला की त्यास पहिली देतात, जणू पहिली म्हणजे गुरे राखणे!

दुसरी: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज इतर कामास शिक्षकास जुंपण्याची मनाई करते. ते कलम पाळावे. माहिती भरा, फोटो पाठवा, रकाने पुरे करा, यात गुरुजींचा दिवस सरतो आणि पोरे पाटीवर रेघोट्या ओढीत बसतात.

तिसरी: त्याच कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. चार वर्ग, दोन शिक्षक. मग पहिलीच्या वाट्यास ‘पाच वेळा लिहून काढा’ हेच येते. वाडी-तांड्याच्या शाळेत पहिली-दुसरीसाठी एक माणूस निराळा हवा.

चौथी: मराठवाड्यातील ऊसतोड्यांची पोरे दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नेमके याच महिन्यांत काना-मात्रा-वेलांटी होऊन जाते. हंगामी वसतिगृहे कागदावर नकोत, गावात हवीत. आणि परतलेल्या पोरास जेथे सुटले तेथून धरावे, वर्ग जेथे गेला तेथून नव्हे.

पाचवी: प्रत्येक वर्गात पोरांच्या हाताशी पोहोचेल अशी गोष्टींची पुस्तके असावीत. कुलूपबंद कपाटातील ग्रंथालय उंदरांस उपयोगी.

आईबापांसही आमचे सांगणे आहे. तुम्हांस स्वतःस वाचता येत नसले तरी पोराची परीक्षा घेता येते. ‘पाठ म्हणून दाखव’ असे म्हणू नका. किराणाची पुडी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा पुढे धरा आणि म्हणा, ‘बाळ, यात काय लिहिलंय?’ ज्यांस येते त्यांनी ‘लमा’, ‘पुकी’, ‘तोनळ’ असे काही बिनअर्थाचे शब्द लिहून वाचावयास द्यावेत. वाचले तर वाचन आले. अडखळले तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा. हात जोडून नव्हे आणि बाह्या सरसावूनही नव्हे, हक्काने जा. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालकांचा भरणा असतो. तिच्या बैठकीत चहाबरोबर एवढा एकच प्रश्न विचारा: आमच्या दुसरीतील किती पोरांस न पाहिलेला मजकूर वाचता येतो?

बिडकीनकरांस तर हा प्रश्न उद्यावर टाकता येणारच नाही. येथे ७,८५५ एकरांवर औद्योगिक वसाहत आखली गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने मोटारींच्या मोठ्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. बापाने काळी आई दिली, मोबदला घेतला. काहींनी तो राखला, काहींचा घर-मोटारीत आणि लग्नांत गेला. आता पोराच्या हाती काय? त्या कारखान्यात यंत्रावरची सूचना वाचता येणारास यंत्र मिळेल, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास फाटकावरची शिट्टी. आजाच्या जमिनीवर नातवाने दुसऱ्याच्या फाटकाचा पहारा करावा, यास आम्ही प्रगती म्हणणार नाही. जमीन गेली ती सही-अंगठ्याने गेली. पुढच्या पिढीने तरी वाचून सही करावी, आणि ती वाचावयास शिकते की नुसती घोकते, याचा निकाल लागतो तो वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी, गावच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात.